अण्णांच्या मोटारीचं हेड

चष्मेवाल्या अण्णांना झटका आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि ते मोटारीच्या इंजिनात तेल सोडत होते. ते त्यांचं रोजचंच काम. दुकान दहाला उघडायचं, त्याआधी तासभर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, अडकलेल्या प्रत्येक नटाच्या मुळाशी तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे आणि हात पुसत चहाला घरात यायचं. त्या दिवशी चहा निवून गेला तरी ते आले नाहीत, म्हणून त्यांची बायको, अक्का, बघायला गेली. अण्णा डाव्या मडगार्डला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. तेलाची कुपी पायाशी आडवी झाली होती.

"काय होतंय तुम्हाला?" अक्काने विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साखर."

अक्का धावत घरात गेली आणि चमचाभर साखर घेऊन आली. ती तिने त्यांच्या तोंडात घातली. साखर तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर सांडली, तेव्हा तिला कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे.

अठरा दिवसांनी अण्णा दवाखान्यातून घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. उजवा हात गेला होता, उजवा पाय नावापुरता होता, आणि तोंडात तो एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी साखर, उशी टोचली तरी साखर, राग आला तरी साखरच. सूर मात्र प्रत्येक वेळी वेगळा. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी अक्काला समजावून सांगितलं होतं, "सगळे शब्द आत आहेत त्यांच्या. बाहेर येताना वाट चुकतात. होय-नाहीचीही गल्लत होते. मान कशी हलवतात त्यावर सध्या विसंबू नका."

अक्काने ते लक्षात ठेवलं. जे अण्णांना भेटायला येत त्यांना ती आधी हेच सांगायची.

अक्काच्या धाकट्या बहिणीचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर होता. घरात त्याला सगळे फिटरच म्हणत, त्याची बायकोसुद्धा रागावली की म्हणायची. अण्णा आणि फिटर, दोघे साडू, पण एक असा की त्याच्या दुकानात वाचायचा चष्मा घ्यायला गेलेला माणूस भिंगाची सगळी कुळकथा ऐकूनच बाहेर पडायचा, आणि दुसरा असा की 'हं' म्हणाला तरी त्याने भाषण केलं असं वाटावं. दोघांचं जमायचं ते त्यामुळेच. अण्णांना ऐकणारा हवा होता आणि फिटरला जेवताना कुणी प्रश्न विचारू नये एवढंच हवं होतं.

एका शनिवारी अक्काने त्याला बोलावून घेतलं.

"भाऊजी, त्यांना रोज शेडमध्ये न्यावं लागतं," ती म्हणाली. "नेलं नाही तर दाराकडे बघत बसतात. तिथे नेलं की डावा हात बॉनेटवर ठेवतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. मला बघवत नाही. तुमचा जन्म लोखंडात गेला. एकदा ती सुरू करून द्या. चालली नाही तरी चालेल, नुसती घरघरली तरी पुरे."

फिटर म्हणाला, "बघतो."

मोटार अण्णांपेक्षा वयाने मोठी होती. दोन दारांची, गोल दिव्यांची, बसकी. एका गिऱ्हाइकाच्या गोदामात ती पडून होती, तिथून अण्णांनी ती ओढून आणली होती. तिच्याबरोबर ना कागद आले होते ना माहितीचं पुस्तक. बारा वर्षांपूर्वी अण्णांनी तिचं इंजिन एकट्याने उघडून पुन्हा जोडलं होतं. फिटर तेव्हा दुसऱ्या गावच्या पंपावर बदलीवर होता. मग मोटार चार-पाच वर्षं चांगली चालली. पुढे इंजिनातल्या तेलात पाणी मिसळायला लागलं आणि अण्णांनी ती उभी केली. दुखणं साधं होतं. इंजिनाच्या वरचं बिडाचं जड झाकण, ज्याला मेकॅनिक हेड म्हणतात, ते काढायचं, त्याखालचं, सांध्यातून पाणी झिरपू न देणारं गॅस्केट बदलायचं आणि पुन्हा बसवायचं. पण मोटार वर्षानुवर्षं उभी राहिल्याने हेड इंजिनाला असं धरून बसलं होतं की जणू एकत्रच ओतलेलं आहे. अण्णा गेली दोन वर्षं त्याला तेल पाजत होते.

फिटरला यात काही विशेष वाटलं नाही. पंपावर वीस-वीस वर्षं पाण्यात बुडालेले नट त्याने सोडवले होते.

पहिल्या रविवारी त्याने इंजिनाच्या हिरव्या रंगावरची धूळ फडक्याने पुसून नट मोजले. पंधरा होते. अण्णा खुर्चीत शेजारीच बसले होते, मांडीवर शाल, डोळे पान्यावर. एकेक नट कुरकुरत सुटला. नववा ज्यावर बसला होता तो आट्यांचा खिळाच तुटला, पण तेही चालण्यासारखं होतं. दुपारपर्यंत पंधराच्या पंधरा नट जुन्या ताटलीत आले. फिटरला बरं वाटलं. दोन वर्षं तेल पाजल्याचा गुण आहे असं तो म्हणालासुद्धा.

"सगळे निघाले ना अण्णा?" त्याने विचारलं.

अण्णांनी मान हलवली. होय अशी. मग लगेच नाही अशी. मग पुन्हा होय. "साखर," ते म्हणाले, "साखर, साखर," आणि डाव्या हाताने स्वतःच्याच कपाळावर दोनदा मारून घेतलं.

अक्काने त्यांचा हात धरला. "असंच होतं हो. मनावर घेऊ नका, भाऊजी. कालही आंघोळीच्या पाण्याला असंच केलं."

फिटरने लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी हातोडीने ठोकून बघितलं. हेड हललं नाही. जोर करायची सोय नव्हती. पोलाद वाकतं, बीड वाकत नाही, सरळ तडकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पुन्हा तेल सोडलं, फडकं झाकलं आणि घरी गेला.

दुसऱ्या रविवारी तो गॅसची बत्ती आणि हातभर सुती दोरी घेऊन आला. आधी त्याने बत्तीने हेड सावकाश तापवलं. मग प्लगच्या भोकातून दोरी आत सोडली, पुढे हँडल लावलं आणि हळूहळू फिरवलं. आतला दट्ट्या वर येतो, दोरीला दाबतो आणि दोरी हेडला खालून वर लोटते. ठोकाठोकी नाही, तडकायची भीती नाही. ही युक्ती त्याला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवली होती.

हँडलवर तो सगळा भार देऊन उभा राहिला, तेव्हा इंजिनाच्या मागच्या बाजूने बारीक आवाज आला. फिटरने वाकून बघितलं. हेड मागून नखभर उचललं गेलं होतं. पुढून मात्र जसंच्या तसं चिकटलेलं.

"आलं," तो म्हणाला. "अक्का, आलं बघा. मागून सुटलं, आता पुढून सुटलं की झालं."

अक्काने खुर्ची जवळ ढकलली, अण्णांना दिसावं म्हणून. अण्णा पुढे झुकले. त्यांनी डावा हात लांब केला आणि हेडच्या पुढच्या टोकाला पाण्याची नळी जिथे जोडतात तिथलं वाकड्या नळीचं जाड कोपर घट्ट पकडलं.

ते तापलेलं होतं. चरचरल्याचा वास आला. अक्का किंचाळली. फिटरने त्यांचं मनगट धरून ओढलं, पण अण्णा सोडेनात. चेहरा वेदनेने वेडावाकडा झालेला, डोळे फिटरवर रोखलेले, आणि तोंडाने एकच, "साखर, साखर, साखर." एका हाताने अधू म्हातारा, पण त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

चांगला हात तेवढाच उरला होता आणि त्याचा तळवा सोलून निघाला. दवाखान्यातून पट्टी बांधून आणल्यावर अक्का ओट्यापाशी पाठमोरी चहा करायला लागली.

"त्यांना गरम-थंड कळत नाहीसं झालंय का हो?" तिने विचारलं.

"कळत होतं," फिटर म्हणाला. "तोंडावर दिसत होतं."

"मग सोडत का नव्हते?"

घरी गेल्यावर फिटरला बायकोने सांगितलं, "आनंदाच्या भरात धरलं असेल हो. इतक्या दिवसांनी हललं ना ते." फिटरलाही तसंच वाटलं. किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं.

तिसऱ्या रविवारी अक्काने खुर्ची शेडच्या दाराशी ठेवली आणि चाकाला विटेचा तुकडा लावला. इथून बघा, जवळ जायचं नाही, असं तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. अण्णांचा डावा हात पट्टीने मनगटापर्यंत गुंडाळलेला होता.

फिटरने मागच्या बाजूने दोरीचा जोर पुन्हा देऊन बघितला. मागून आता बोटभर फट पडत होती, पण पुढचं टोक ढिम्म. पुढच्या चार खिळ्यांवर गंज असणार, असा त्याने हिशेब केला. दोन दिवस त्यांना तेल पाजलेलं होतं. आता पाचर मारायची. त्याने सागाच्या दोन पातळ पाचरी करून आणल्या होत्या, त्या दोन बाजूंनी फटीत बसवल्या आणि एकदा इकडून, एकदा तिकडून, हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली.

पहिल्या ठोक्याला अण्णा काही बोलले नाहीत. चौथ्या-पाचव्याला त्यांनी सुरुवात केली. आधी हळू, मग मोठ्याने. "साखर. साखर. साखर." पट्टीच्या हाताने ते खुर्चीचं चाक पुढे ढकलायला लागले. वीट सरकली. पट्टीवर लाल डाग उमटला.

फिटर थांबला. "काय अण्णा? काय पाहिजे? काय चुकतंय का?"

अण्णांनी मान जोरजोरात हलवली. होय अशी. मग रडू फुटलं त्यांना. फिटर जवळ जाऊन उकिडवा बसला, त्यांच्या तोंडाकडे बघत. आयुष्यभर ज्या माणसाच्या बोलण्यातलं निम्मं त्याने कानाआड केलं होतं, त्याच्या तोंडून एक सरळ शब्द यावा म्हणून तो वाट बघत होता.

"पाणी हवंय? आत जायचंय? थांबू का मी?"

"साखर," अण्णा म्हणाले.

"थांबू?"

अण्णांची मान नाही अशी हलली. मग ते स्वतःच्याच मानेवर चिडल्यासारखे ओरडले.

"नका हो विचारू त्यांना," अक्का म्हणाली. "जितकं विचारावं तितके जास्त तळमळतात. पुन्हा रक्तदाब वाढायचा. मी नेते आत, तुम्ही उरकून टाका एकदाचं. ते हातात आणून दाखवलंत की शांत होतील."

तिने खुर्ची वळवली. अंगणातून जाताना आणि मग खोलीच्या खिडकीतूनही अण्णांचा आवाज येत राहिला. फिटरने मनाचा हिय्या केला. आवाज येत होता म्हणूनच त्याला लवकर संपवायचं होतं. त्याने उजवी पाचर दोन ठोके आत घातली, मग डावी, मग पुन्हा उजवी, या वेळी जरा जोराने.

आवाज फार मोठा झाला नाही. कपाची कड फुटावी तेवढाच. हेड एकदम मोकळं झालं आणि फिटरच्या हातात आलं. पण सगळं आलं नाही. पुढचा तुकडा, त्या नळीच्या कोपरासकट, इंजिनावर तसाच चिकटून राहिला होता. बीड आतून राखाडी आणि दाणेदार दिसत होतं, ताज्या जखमेसारखं.

फिटरने ते जड हेड खाली ठेवलं आणि उरलेल्या तुकड्याकडे बघितलं. त्या तुकड्यावर कुठेच नट नव्हता. मग त्याला कशाने धरलं होतं?

त्याने खिशातल्या चाकूने कोपरावरचा हिरवा रंग खरवडला. पंधरा दिवस तो ते कोपर हेडबरोबरच ओतलेलं आहे असं समजत होता. रंगाखाली केसाएवढा सांधा होता, आणि बाजूला दोन बारीक स्क्रू. स्क्रू काढले, कोपर उचललं. खाली पाण्याची वाट होती, आणि त्या वाटेच्या तळाशी, विहिरीत नाणं दिसावं तसा, सोळावा नट.

त्यावर ग्रीस होतं. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी तो नीट ग्रीस भरून, पुढच्या वेळी सहज निघावा असा बसवला होता. फिटरने पाना लावला. नट एका हाताने सुटला.

त्याला ती जेवणं आठवली. अण्णा समोर बसून हातवारे करत सांगत असायचे, इंजिन कसं उघडलं, काय कुठे लपलेलं होतं, बनवणाऱ्याने कसा चावटपणा करून ठेवलाय. सांगितलं असणारच. अण्णा काय सांगायचं ठेवायचे? आणि तो मान खाली घालून 'हं' करत भाकरी मोडत होता.

तो नट आणि ते कोपर घेऊन तो घरात गेला. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ठोके थांबल्यापासून त्यांचा आवाजही थांबला होता. अक्का उशाशी बसून पट्टी बदलत होती. फिटरच्या हातात हेड नाही हे बघून तिने पट्टी गुंडाळायची थांबवली.

"अण्णा," फिटर म्हणाला, "तडकलं."

अण्णा हळूहळू त्याच्याकडे वळले.

"इथला नट काढायचा होता. तुम्ही त्या दिवशी हेच धरलं होतंत. हात भाजला तरी सोडत नव्हता." त्याने कोपर त्यांच्या शेजारी चादरीवर ठेवलं. "मला कळलं नाही. मी गाढव, अण्णा. तुम्ही सांगत होतात आणि मला कळलं नाही."

अक्काने कोपराकडे बघितलं, मग हातातल्या पट्टीकडे. "आणि मी त्यांना आत घेऊन आले," ती एवढंच म्हणाली.

अण्णा रागावतील असं फिटरला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी उघड्या, सोललेल्या तळव्याच्या बाजूने ते कोपर जरा आडवं केलं, आतल्या भोकाकडे बोट नेलं आणि बोलायला लागले. "साखर," ते म्हणाले, "साखर साखर, साखर." दुकानात काउंटरवर भिंग ठेवून गिऱ्हाइकाला समजावत तसे, सावकाश, मध्येच थांबत, मध्येच फिटरला समजतंय ना हे बघत. आधी हे, मग ते, मग हा इथून असा. दहा मिनिटं तरी ते बोलत होते. फिटर पलंगाशी उभा राहून सगळं ऐकत होता, आणि या खेपेला त्याने एकदाही 'हं' म्हटलं नाही.

पुढे करायचं ते सगळं केलं. बिडाला सांधा देणारा एक जुना वेल्डर फिटरने शोधून काढला. त्याने तुकडे कोळशात पुरून तापवले, सांधले, राखेत दोन दिवस निववले. "धरेल असं वाटतं, पण शपथ घेणार नाही," तो म्हणाला. तुटलेल्या खिळ्याच्या जागी दुसरा बसवून, नवं गॅस्केट घालून हेड बसवलं, सोळाच्या सोळा नट आवळले. मोटार चार मिनिटं चालली. खरंच घरघरली. मग सांध्यातून वाफ यायला लागली आणि फिटरने ती घाईने बंद केली. पुन्हा सांधण्यात अर्थ नाही असं वेल्डरने हात जोडून सांगितलं. भंगारवाल्यांना फोन झाले, ओळखीच्या गॅरेजांत निरोप गेले. तशा मोटारीचं दुसरं हेड कुणाकडे नव्हतं.

ती चार मिनिटं अण्णांनी ऐकली की नाही हे कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी ते शेडमध्ये यायला तयार नव्हते, आणि त्यानंतरही कधी गेले नाहीत. अक्का खुर्ची त्या बाजूला वळवायची, तर ते चाक धरून ठेवायचे.

फिटर मात्र दर रविवारी येत राहिला. तो अण्णांची दाढी करायचा, नखं कापायचा, त्यांना अंगणात नेऊन बसवायचा. आणि बोलायचा. पंपावर काय बिघडलं, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, साहेब काय म्हणाला, असं काहीबाही. त्याची बायको अक्काला म्हणाली, "घरी तोंड उघडत नाहीत ते, आणि इथे बघ." अण्णा ऐकायचे. कधीकधी मध्येच झोपून जायचे.

पाचव्या महिन्यात त्यांना दुसरा शब्द आला. वाचा शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते दाखवत होत्या आणि अण्णा अचानक म्हणाले, "नको." बाईंनी टाळ्या वाजवल्या. अक्काने धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं. पण दोन दिवसांत लक्षात आलं की नवा शब्दही जुन्याच्याच वळणावर गेला आहे. चहा पुढे केला की अण्णा नको म्हणायचे आणि कपाला हात घालायचे. शाल पांघरली की नको म्हणून ती गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. बाई म्हणाल्या, वेळ लागेल.

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक आलं. त्याला मोटार चालवायची नव्हती, हॉटेलच्या दर्शनी भागात शोभेला उभी करायची होती. त्यामुळे इंजिनाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. शेड तरी मोकळी होईल, अक्का म्हणाली, रोज डोळ्यांसमोर ते नको. पण त्यांना विचारल्याशिवाय कसं द्यायचं?

गिऱ्हाईक ओसरीवर थांबलं. फिटर अण्णांच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. त्याने घाई केली नाही.

"अण्णा, मोटार देऊन टाकू का? तो माणूस चांगली ठेवील. रोज पुसली जाईल. तुम्ही म्हणाल तसं करू."

अण्णांनी त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. ओठ दोनदा हलले. शब्द जुळवत असावेत.

"नको," ते म्हणाले.

फिटरने अक्काकडे बघितलं, अक्काने फिटरकडे.

"म्हणजे ठेवायची?" फिटरने विचारलं.

"नको."

त्याने त्यांचा डावा हात हातात घेतला. तळव्याची कातडी नवी होती, गुलाबी आणि गुळगुळीत. तो त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला, भुवई, ओठांची कड, काहीही. अण्णाही तसेच त्याच्याकडे बघत होते, याला कळेल का, अशा नजरेने.

शेवटी अक्का उठली. पदर सारखा करून ती ओसरीवर गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही पुढच्या महिन्यात या. आमचं अजून ठरत नाहीये."